कम्युनिटी रेडिओचा अँटेना: एक सर्क्युलर, दोन डायपोल की चार? (राजापूर बाजू, सडा + खाडी)

सडेकर_राजापूर

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेला कम्युनिटी रेडिओचं एलओआय (मंजुरीचं इरादापत्र) आलंय, आता सॅक्फाचा (फ्रिक्वेन्सी आणि जागेला मंजुरी देणाऱ्या सरकारी समितीचा) फॉर्म भरायचाय आणि त्यात जागेचे अक्षांश-रेखांश, मास्टची (अँटेनाच्या खांबाची) उंची, अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला किती एकवटतो ते) असं सगळं लिहायचंय, म्हणून जरा घाई आहे. ट्रान्समीटर ५० वॅटचा. फ्रिक्वेन्सी ९०.४ मेगाहर्ट्झच्या आसपास मिळेल असं धरून चाललोय.

जागा अशी आहे की संस्थेची चिऱ्याची इमारत सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे, रस्त्याला लागून. सडा समुद्रसपाटीपासून साधारण १०० मीटर. खाली खाडीच्या काठाने वाड्या, काही सड्याच्या अगदी पायथ्याशी, माडापोफळीत लपलेल्या, काही खाडीपलीकडे. ऐकणारी माणसं म्हणजे घरातले रेडिओ कमी, मोबाईलवर इयरफोन लावून ऐकणारी पोरं, रिक्षावाले, टेंपोवाले आणि जेटीवरची मंडळी.

तीन कोटेशनं आलीत. एकाचं म्हणणं एकच सर्क्युलर (उभा-आडवा दोन्ही सिग्नल सोडणारा) अँटेना लावा, सगळे तोच लावतात. दुसरा म्हणतो दोन व्हर्टिकल डायपोल (उभ्या काडीचे साधे अँटेना) एकावर एक. तिसरा म्हणतो चार डायपोल घ्या, रेंज दुप्पट होईल, आणि त्याचे पैसेही तसेच आहेत. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलबद्दल तिघांनीही फक्त 'को-ॲक्स ४५ मीटर' एवढंच लिहिलंय. यातलं खरं काय धरायचं? बजेट आहे पण उधळायला नाही, वर्गणीचे पैसे आहेत.

आरएफ_काका

सडेकर, आधी अँटेना बाजूला ठेव. तुझ्या तिन्ही कोटेशनांत खरी गडबड 'को-ॲक्स ४५ मीटर' या ओळीत आहे. कुठली को-ॲक्स? एफएमच्या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ ही बारीक केबल शंभर मीटरला १६ डीबीच्या आसपास खाते (डीबी हे सिग्नलच्या घट-वाढीचं माप, तीन डीबी गेले की पॉवर निम्मी), म्हणजे तुझ्या ४५ मीटरात सात डीबी गेले, वर अँटेनाला जेमतेम दहा वॅट पोचणार आणि उरलेले चाळीस वॅट केबल गरम करणार. त्याहून जाड आरजी-२१३ घातलीस तर साधारण निम्मी पॉवर पोचेल. अर्धा इंची फोमवाली हेलिॲक्स (तांब्याच्या नळीसारख्या कवचाची कडक केबल) घातलीस तर शंभर मीटरला सव्वादोन डीबी धर, म्हणजे ४५ मीटरला एक डीबी, आणि वर ४० वॅट मिळाले. त्याहून जाड पाऊण-एक इंचाची घेऊन चार वॅट वाढतील पण पैसे आणि वळवायचा त्रास बघता ५० वॅटला ती कशाला. अर्धा इंची घे आणि विषय संपव.

आता ईआरपीचा, म्हणजे अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणाऱ्या पॉवरचा हिशेब. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला ईआरपी १०० वॅटपर्यंत, त्यात ५ ते १० किलोमीटर एरिया धरलेला आहे. भूभाग तसाच अडचणीचा असेल आणि तुम्ही ते पटवून दिलंत तर २५० पर्यंतचा विचार करतात, पण ती वेगळी गोष्ट. ईआरपी मोजतात ती साध्या अर्ध्या वेव्हच्या डायपोलच्या तुलनेत. एक डायपोल म्हणजे शून्य डीबी, तुझे वर पोचलेले ४० वॅट ते ४०. दोन डायपोल एकावर एक म्हणजे तीन डीबी, दुप्पट, ८० वॅट, हार्नेसमध्ये (दोघांना जोडणाऱ्या केबलींत) थोडं जाईल ते सोड. चार डायपोल म्हणजे सहा डीबी, १६० वॅट, म्हणजे मर्यादेच्या बाहेर! मग ट्रान्समीटर ३० वॅटवर आणून ठेवायला लागेल. चार डायपोलचे पैसे देऊन पॉवर कमी करून बसायचं, हे त्या तिसऱ्या माणसाने तुला सांगितलं का? आणि 'रेंज दुप्पट' वगैरे म्हणतो ना, पॉवर दुप्पट केली तरी रेंज दुप्पट होत नाही, तीन डीबीचा फरक कानाला कळतो तो फक्त सिग्नलच्या कडेला, जिथे खरखर चालू होते तिथे.

उंचीचं मात्र वेगळं. सपाट जागेत अँटेनाची उंची दुप्पट केली की साधारण सहा डीबी मिळतात, म्हणजे चौपट पॉवर घातल्यासारखं. मास्ट जमिनीपासून ३० मीटरच्या वर नको आणि अँटेना १५ मीटरच्या खाली नको, हा नियम. पण लक्षात घे, ही उंची जमिनीपासून मोजायची, समुद्रसपाटीपासून नाही. सडा तुला १०० मीटर फुकट देतोय. म्हसवडला माणदेशी तरंग या कम्युनिटी रेडिओवाल्यांना असा सडा कुठून मिळणार.

गावचा_डीजे

एवढं कशाला काका, ऑनलाईन १५ वॅटचं एफएम किट मिळतं अँटेनासकट, लावलं की चालू. एका ओळखीच्याने गणपतीत लावलेलं, पूर्ण वाडीत आरती ऐकू गेली.

आरएफ_काका

लायसन्सशिवाय ट्रान्समीटर चालवणं हा गुन्हा आहे रे, १५ वॅट असो नाहीतर १. आणि १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांचा बँड सुरू होतो. त्या किटांना धड फिल्टर नसतो, नको तिथे सिग्नल सांडतात. आता चिपीला विमानतळ आहे, रत्नागिरीला कोस्ट गार्डची विमानं आहेत. सडेकरकडे कागद आहेत, त्याला या वाटेला लावू नको.

मालवणी_डीएक्सर

माका विचारशात तर व्हर्टिकल. कारण सांगतो. सर्क्युलर अँटेना पॉवर दोन भागांत वाटतो, निम्मी आडवी निम्मी उभी. म्हणजे तुमचे ४० वॅट एकाच सर्क्युलर अँटेनाला दिले तर उभ्या बाजूने साधारण २० आणि आडव्या बाजूने २०. मोठ्या शहरात इमारतींमुळे सिग्नल उलटसुलट फिरतो, तिथे सर्क्युलरचा उपयोग आहे, पॉवरही भरपूर असते त्यांच्याकडे. तुमचे ऐकणारे कोण? रिक्षा, टेंपो, गाडीवरची उभी काडी. सगळं व्हर्टिकल. मोबाईलवाल्याचा अँटेना म्हणजे इयरफोनची वायर, ती छातीवरून खाली लोंबते, म्हणजे तीही उभीच. राहिला घरातला रेडिओ, त्याची काडी माणूस फिरवून फिरवून बघतोच. त्यामुळे ५० वॅटवाल्याने पॉवर वाटून टाकू नये हे माझं स्पष्ट मत. वाडीतली चार घरं आडव्या अँटेनावर असतील तर असतील.

दुसरं, अँटेना नेमका कुठे उभा करणार? 'इमारत रस्त्याला लागून' म्हणता, म्हणजे सड्याच्या आतल्या बाजूला असणार. आणि पायथ्याच्या वाड्या सड्याच्या कडेखाली. मग तुमचा सडाच तुमच्या वाड्यांना आडवा येणार. लांब खाडीपलीकडे झकास ऐकू येईल आणि पायाखालच्या वाडीत खरखर, असं होतं. वरून त्या माडापोफळी, पावसात ओल्या झाल्या की अजून खातात.

एक स्वस्त उपाय करा. कागदावर नुसतं बघू नका, मास्टच्या जागी उभे राहा आणि कुठल्या वाड्यांची कौलं दिसतात ते बघा. दिसत नाहीत त्या वाड्या अडचणीच्या. मग खाली जाऊन तिथे एक साधा रेडिओ घेऊन ९०.४ वर आज काय ऐकू येतं ते नोंदवा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. किनाऱ्यावर पावसाआधी आणि पाऊस गेल्यावर समुद्रावरून हवेचे थर जमतात आणि लांब लांबची स्टेशनं आत घुसतात, आमच्याकडे मे महिन्यात पहाटे अशी कुठली कुठली भाषा लागते की गंमत वाटते. तुमच्या फ्रिक्वेन्सीवर असा पाहुणा येत असेल तर आधी कळलेलं बरं.

सडेकर_राजापूर

डीएक्सर भाऊ, काल संध्याकाळी जाऊन बघितलं, तुम्ही म्हणता तेच आहे. इमारतीच्या गच्चीवरून खाडीपलीकडचं सगळं दिसतं, पण पायथ्याच्या दोन वाड्या अजिबात दिसत नाहीत, नुसते माडांचे शेंडे. सड्याची कड तिथून दीडेकशे मीटर लांब आहे. कडेजवळ संस्थेचीच जागा आहे, तिथे मास्ट उभा केला तर वाड्या दिसतात, पण मग केबल ४५ ची २०० मीटर होणार. काका, हे जमतं का?

आरएफ_काका

२०० मीटर अर्धा इंची म्हणजे साडेचार डीबी, एक तृतीयांशच्या आसपास पॉवर वर पोचेल. नको. ट्रान्समीटरच मास्टच्या पायथ्याशी ने. कडेजवळ एक छोटी चिऱ्याची खोली बांध, आत ट्रान्समीटर, छोटा यूपीएस, आणि स्टुडिओतून फक्त ऑडिओ तिकडे पाठव, ऑप्टिकल फायबरवरून किंवा नेटवर्कवरून. दीडशे मीटर तांब्याची ऑडिओ वायर मात्र उघड्या सड्यावर टाकू नको, मे महिन्यात वीज चमकली की ती पहिली पकडेल. फायबर आकाशातली वीज पकडत नाही. खोलीला वारा खेळता हवा, पण खारा वारा थेट आत नको, ट्रान्समीटरच्या पंख्याने मीठ आत ओढलं की दोन वर्षांत बोर्ड हिरवे होतात.

कडेवर मास्ट नेल्यावर चार डायपोलवाल्याला तर रामरामच कर. का ते आकड्यातच सांगतो, मजा आहे. डायपोल एकावर एक लावले की गेन मिळतो तो क्षितिजाच्या दिशेला, आणि त्याची किंमत म्हणून खाली काही कोनांत सिग्नल जवळजवळ शून्य होतो. दोन डायपोल एक वेव्हलेंग्थ अंतरावर, म्हणजे ९०.४ ला ३.३ मीटर, असे लावले तर क्षितिजाखाली ३० अंशावर खड्डा पडतो. तुझा सडा १०० आणि मास्टवर अँटेना २० धर, १२० मीटर झाले, तर हा खड्डा मास्टपासून साधारण २०० मीटरवर जमिनीला टेकतो. तिथे काय आहे? तुझी पायथ्याची वाडी! चार डायपोल लावलेस तर पहिला खड्डा साडेचौदा अंशावरच येतो, साडेचारशे मीटरवर, म्हणजे दुसरी वाडी. प्रत्यक्षात आजूबाजूच्या डोंगरावरून परतून सिग्नल थोडा भरून येतो, जवळच असल्यामुळे पूर्ण गायबही होत नाही, पण पैसे देऊन खड्डे कशाला विकत घ्यायचे.

म्हणून दोनच घे आणि मधलं अंतर पाऊण वेव्हलेंग्थ, अडीच मीटर ठेव. गेन किंचित कमी होतो पण खड्डा ४० अंशाच्या पुढे जातो, म्हणजे कड्यावरच पडतो, तिथे माकडं ऐकणार नसतील तर चालेल. सप्लायरला हे अंतर आधीच सांग, कारण दोघांना जोडणारा हार्नेस त्याच मापाने येतो आणि दोन्ही फांद्या सारख्याच लांबीच्या हव्यात.

डायपोल मागताना फोल्डेड (टोकं वळवून एकमेकांना जोडलेला) आणि डीसी ग्राउंड असलेला माग. त्याचा धातू अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे वाऱ्यापावसात साठणारा स्टॅटिक चार्ज उतरून जातो, ट्रान्समीटरच्या तोंडावर येत नाही.

तात्या_टॉवरवाले

मंडळींनी सिग्नलचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो कारण किनाऱ्यावर अँटेना सिग्नलने नाही गंजाने मरतो.

पहिलं म्हणजे डायपोल ॲल्युमिनियमचा आणि क्लँप साध्या लोखंडी बोल्टचा असं येतं बऱ्याचदा. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की मधला ॲल्युमिनियम पांढरा भुसा होऊन गळतो. बोल्ट, यू-क्लँप, वॉशर सगळं स्टेनलेस ३१६ माग, ३०४ वर खाडीकाठी तांबूस डाग येतातच. लावताना गंजरोधक ग्रीस. मास्ट हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, नुसता चंदेरी रंग मारलेला चालणार नाही, नखाने खरवडून बघ, रंग असेल तर निघेल.

दुसरं म्हणजे वादळ. जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात काय करून गेलं आणि मे २०२१ ला तौक्ते आपल्याच किनाऱ्यावरून गेलं ते विसरू नका. सड्याच्या कडेवर वारा खालून वर चढत येतो, तो उघड्या मैदानापेक्षा जोरात लागतो. २० मीटरचा मास्ट असेल तर ताणाच्या तारा दोन उंचींवर, तीन दिशांना, आणि अँकर कातळात भोक पाडून ग्राउट करून. वरची माती खरवडून केलेलं फाउंडेशन पावसात पोहायला लागतं. वरच्या ताणाच्या तारांमध्ये पोर्सेलिनचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर घाला, नाहीतर त्या तारा डायपोलच्या शेजारी अँटेनासारख्या वागतात.

आणि सड्यावर कुठेही ड्रिल मारायच्या आधी नीट झाडून बघा. तुमच्या राजापूर बाजूला सड्यावर कातळशिल्पं आहेत, गवताखाली, मातीखाली झाकलेली. एखाद्या चित्राच्या पोटात अँकर गेला तर रेडिओपेक्षा मोठी बातमी होईल.

अर्थिंग हा तर आपल्या सड्याचा जुना रोग आहे. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, पाईप ठोकला तरी रीडिंग काही येत नाही. मास्टपासून पट्टी खाली ओलसर जागेपर्यंत, म्हणजे विहिरीच्या किंवा पऱ्ह्याच्या (ओहोळाच्या) बाजूपर्यंत न्या, निदान दोन-तीन खड्डे करून ते एकमेकांना जोडा, आणि मे महिन्यातलं रीडिंग घ्या, ऑगस्टचं नव्हे! ऑगस्टमध्ये कुणाचंही अर्थिंग चांगलं असतं. मास्ट, केबलचं बाहेरचं कवच, खोलीतला ट्रान्समीटर आणि विजेचा अर्थ सगळे एकाच ठिकाणी बांधा. केबल खोलीत शिरते तिथे लायटनिंग अरेस्टर, तोही त्याच पट्टीला.

कनेक्टर. वरचा जोड आधी स्वतःला चिकटणाऱ्या रबर टेपने, वर पीव्हीसी टेप, गुंडाळताना खालून वर या म्हणजे पागोळी आत शिरत नाही. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, ते तांबं खातं. खोलीत शिरायच्या आधी केबलला खाली एक लोंबता वळसा द्या, पाणी तिथून गळून जाईल.

मालवणी_डीएक्सर

तात्या, कातळशिल्पाचं बरं आठवलंत.

सडेकर, अजून एक. डायपोल मास्टच्या बाजूला आडव्या हातावर येणार ना, तर तो धातूचा मास्ट मागे उभा असल्याने पॅटर्न गोल राहत नाही, म्हणजे सिग्नल चहूकडे सारखा जात नाही. मास्टपासून पाव वेव्हलेंग्थ, म्हणजे ८०-८३ सेंटीमीटरवर ठेवलात तर डायपोलच्या बाजूला थोडा जोर जास्त आणि मास्टच्या मागे कमी. हे वाईट नाही, फायद्याचं आहे. डायपोल वाड्यांच्या आणि खाडीच्या बाजूला काढा, मास्टची पाठ उघड्या समुद्राकडे किंवा ओसाड सड्याकडे जाऊ दे. समुद्रात पॉवर ओतून काय मासे ऐकणार? जेटीवाल्यांना जवळ असल्याने मिळेलच.

सडेकर_राजापूर

तात्या, काका, भाऊ, सगळ्यांचे आभार. म्हणजे असं ठरतंय: कडेजवळ खोली, २० मीटर मास्ट, दोन फोल्डेड डायपोल अडीच मीटर अंतराने, खाडीकडे तोंड, अर्धा इंची केबल आता जेमतेम ३० मीटर, फायबर स्टुडिओपर्यंत. सॅक्फाच्या फॉर्मात इमारतीचे नाही तर कडेचे अक्षांश-रेखांश टाकतो.

एकच शंका राहिली. लावल्यावर बरोबर लागलाय हे आम्हाला कसं कळणार? सप्लायरचा माणूस एक दिवस येणार आणि जाणार.

आरएफ_काका

तो असतानाच त्याला एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) लावायला लाव आणि फोटो काढून ठेव. १.५ च्या आत पाहिजे, १.५ ला चार टक्के पॉवर परत येते, तेवढी चालते. २ झाला तर अकरा टक्के, तेव्हा ट्रान्समीटर स्वतःच पॉवर कमी करायला लागतो आणि तुम्ही म्हणता सिग्नल का गेला. अँटेना तपासायचा नॅनोव्हीएनए नावाचा छोटा मीटर मिळतो तो संस्थेने घेऊन ठेवावा, कॉलेजच्या पोराला शिकवलं तर तासाभरात येतं त्याला. पाऊस नसताना एक रीडिंग, आणि जुलैत मुसळधार चालू असताना एक रीडिंग. दोन्हींत फार फरक आला तर वर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय, मग तात्यांची टेप सोडवून बघायची, पण आधी ट्रान्समीटर बंद करून, चालू अँटेनाजवळ कुणाला चढवू नका.

आणि केबलची ऑर्डर द्यायच्या आधी ट्रान्समीटरच्या मागे कुठला कनेक्टर आहे ते बघून घे, एन टाईप आहे की ७/१६, आणि हार्नेसच्या तोंडाला कुठला आहे तेही. दोन्हीकडचे कनेक्टर केबलवाल्याकडूनच बसवून घे. मास्टवर वीस मीटर उंचीवर लटकत अर्धा इंची केबलला कनेक्टर बसवणारा माणूस राजापुरात शोधत बसू नको.

तात्या_टॉवरवाले

मिळेल एक, पण तो आंब्याच्या सीझनमध्ये बागेत असतो. काम दिवाळीनंतर लगेच ठेवा.